फळ येईपर्यंतचं भांडण

मंगल, भांडण अर्धवट टाकून निघून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं. कॉलेजात असताना मी ताटावर जाऊन बसले तरी तू मागून यायचीस. "पद्मे, थांब. माझं म्हणणं अजून संपल्यालं न्हाई." मी मुकाट्यानं जेवायची आणि तू शेजारी बसून भांडायचीस. आणि आता या वेलीचं एवढं मोठं भांडण मधेच सोडून तू गेलीस. म्हणून उरलेलं मीच बोलते. तू मधे तोंड घालणार नाहीस, याची सवय मात्र अजून झालेली नाही. वाक्य संपलं की मी आपोआप थांबते.

कराडला आपण दोघी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात भेटलो. तू पाटणच्या वरच्या डोंगरातली, मी सांगलीकडच्या ऊसवाल्या जैन घरातली. माझ्या घरी कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. हे ऐकून तू माझ्याकडे काळजीनं बघितलंस आणि विचारलंस, "मग जगतीस कशावर?" पण पुढच्या सहलीला तुझ्या पिशवीतून एक वेगळा डबा निघाला. त्यात शेंगदाण्याची चटणी होती, लसूण न घातलेली. तुझ्या आईनं माझ्यासाठी उखळ धुऊन घेतलं होतं म्हणे. मी खात होते आणि तू तोंड वाकडं करून बघत होतीस. "लसणाबिगर चटणी म्हंजे फूल न आल्यालं झाड. ओळखायचं कशावरनं?"

त्यानंतर तुझ्या हातची ती चटणी मी किती डोंगरांवर खाल्ली! ऊन कलायला लागलं की तूच भिंग खिशात टाकून म्हणायचीस, "चला, आमच्या बाईंचा सूर्य निघाला." माझ्या घरच्यांनीही माझ्या जेवणाची वेळ इतकी जपली नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं काही बोलायची पद्धतच नव्हती.

मग तुझं लग्न झालं आणि सैन्यातल्या नवऱ्यामागून तू देशभर फिरलीस. मी सांगलीच्या कॉलेजात शिकवत राहिले. तू पठाणकोटला, झाशीला, आसामात. जाशील तिथं कुंपणाकडेची, परेड मैदानाकडेची झाडं आणून वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून गादीखाली दाबत होतीस. तुझे सुभेदार नेहमी सांगतात, "बदलीच्या सामानात दोन ट्रंका माझ्या, बाकी समदं वाळल्यालं गवात." त्यांची ती तक्रार मी असंख्य वेळा ऐकली, पण त्यातली एक काडी वाटेत टाकून दिल्याचं कधी ऐकलं नाही.

ते निवृत्त झाल्यावर तुम्ही साताऱ्यात घर बांधलंत, पुढं मीही निवृत्त झाले आणि आपली पुन्हा गाठ पडली. सुभेदार गाडी चालवायचे, आपण दोघी मागं बसून भांडायचो. मी झाडाची एक डहाळी घ्यायची, तू मुळासकट उपटायचीस. मी म्हणायची, जीव आहे त्यात. तू म्हणायचीस, "मूळ बघितल्याबिगर ओळख पटत न्हाई. तुझी दया ऱ्हाऊ दे घरी." हेही भांडण राहिलंच.

तर ती वेल. गणपती होऊन गेले होते, पाऊस उघडीप देत होता. तुझ्या माहेरच्या घाटात एका वळणावर तू एकदम ओरडलीस, "थांबवा, थांबवा की वं!" सुभेदारांनी करकचून ब्रेक दाबला. त्यांना वाटलं, जनावर आडवं आलं. तू दार उघडून दरडीकडे पळालीस. करवंदीच्या जाळीवरून एक दांडगी वेल वर चढली होती. फुलं नरसाळ्यासारखी, फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरी, आणि घशात गडद जांभळा रंग, जणू कुणी शाई ओतली असावी. पानं बदामाच्या आकाराची, तळहाताएवढी. पानामागं बोट फिरवलं की बारीक लव लागायची. देठ मोडला की पांढरा चीक.

गारवेलीच्या कुळातली आहे, यावर आपलं एकमत झालं. तेवढंच. पुढचं सगळं भांडण.

मी म्हटलं, "समुद्रशोकाची बहीण आहे ही. आपल्या डोंगरात मिळणारीच. सावलीत वाढलीय म्हणून फिकी वाटते."

तू भिंग डोळ्याला लावून फुलात शिरली होतीस. आतूनच म्हणालीस, "न्हाई."

"न्हाई काय?"

"ही आपल्या वळखीची न्हाई. पद्मे, ही कुणाच्याच वळखीची न्हाई."

तुझा आवाज बदलला होता. मी तुला इतक्या वर्षांत तसं बोलताना ऐकलं नव्हतं. नवी जात, कुणीच नोंद न केलेली. तुला तसंच वाटलं होतं आणि तुला तसंच हवं होतं.

पुढं आपण पुलाच्या कठड्यावर बसलो. सुभेदार गाडीत पेपर वाचत होते. तू भाकरीचा तुकडा हातात धरून हळू आवाजात म्हणालीस, "छावणीत मी साबची मिसेस. साताऱ्यात सुभेदारीणबाई. चांगलं चाललं गं समदं, माझी कायबी तक्रार न्हाई. पर येक तरी वस्तू असावी की न्हाई, जी मी पयल्यांदा बघितली?"

मी म्हटलं, "नवी निघाली तरी तिला स्वतःचं नाव देता येत नाही. तशी रीत नाही."

"माझं नाव कोन देतंय? गावाचं दिईन. आमच्या वाडीचं नाव कुठल्या नकाशात न्हाई, झाडात तरी असूं दे."

तू एवढं बोललीस, आणि तरी मी हो म्हटलं नाही. कारण फळ बघितलं नव्हतं. या कुळात फुलं फसवतात. समुद्रशोकाच्या घराण्यात फळ बोरासारखं असतं, ते आपणहून तडकत नाही. गारवेलीचं फळ वाळलं की तडकतं आणि बिया बाहेर येतात. वेल कुठल्या घराण्यातली, हे फळाशिवाय ठरणार नव्हतं. मग ती नवी की जुनी, हा पुढचा प्रश्न. मी हे सांगितल्यावर तू भाकरी गुंडाळून ठेवलीस. "तुझं आपलं फळ! शेतकऱ्याच्या लेकी, तुला पिकाबिगर काय दिसतच न्हाई." कराड येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. तिथं मी उतरताना मात्र डबा माझ्या पिशवीत कोंबलास.

थंडीत आपण फळासाठी परत गेलो तर अख्खी दरड काळी पडलेली. वणवा लागून गेला होता. पावसाळ्यात मुळातून वेल पुन्हा फुटली. तुझ्या भावानं कळवलं तेव्हा तू लहान पोरीसारखी हरखलीस. पण फुलं यायच्या आधीच रस्ता रुंद करायचं काम घाटात येऊन पोचलं. "आक्का, मशीन वळणापतोर आलंय," एवढाच त्याचा फोन. सुभेदार त्या दिवशी बाहेरगावी होते. तू थांबली नाहीस. सातारा, कराड, पाटण अशी एसटी बदलत गेलीस. मशीनवाल्याला हात जोडून थांबवलंस, कोयत्यानं वेलीची खोडं तोडलीस आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन परत आलीस. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ही वैरण कुठं चालली?" तू म्हणालीस, "वैरण न्हाई बाबा, पाव्हनी हाय." हे सगळं तू फोनवर हसत हसत सांगितलंस. मी हसले नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तुझं गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं. ती दरड तू कशी चढलीस, हा विचार माझ्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

खोडाचे तुकडे कुंडीत लावलेस. बाकीचे कुजले, एकच जगला. तो तू घराच्या मागच्या कुंपणाला लावलास, तारा बांधून वर चढवलास. वेल वाढली, पण फुलेना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. शेजारच्या बाई विचारायच्या, "काय वं, बेशरम लावलीय काय?" तुला फार राग यायचा. बेशरमही याच कुळातली, हे तू त्यांना समजावून सांगायला जायचीस आणि त्या म्हणायच्या, "मग तेच म्हनतोय की आमी."

मी आले की आपण त्या वेलीखाली खुर्च्या टाकून बसायचो. भांडण आता निवांत झालं होतं. तू म्हणायचीस नवी. मी म्हणायची फळ. मधे चहा. खरं सांगू? मला ते भांडण संपायला नको होतं. त्या निमित्तानं सांगलीहून साताऱ्याला यायला कारण होतं.

यंदा भाद्रपदात तुझा फोन आला. "पद्मे, कळ्या!" आणि लगेच म्हणालीस, "येत्या रविवारी ये. फूल सकाळचंच आसतंय, दुपारपतोर मिटतंय. आदल्या दिवशी मुक्कामालाच ये." मी म्हटलं, "येते. पण फूल बघून माझं मत बदलणार नाही." तू म्हणालीस, "मत नगं बदलू. चटणी करून ठिवते." एवढंच शेवटचं बोलणं.

रविवार यायच्या आधीच एका सकाळी सुभेदारांचा फोन आला. देवपूजा करताना तू भिंतीला टेकून बसलीस आणि उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुला त्रास झाला नाही, असं सगळे सांगतात. मी ते मानते. दुसरं काही मानून काय करू?

मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तुला हिरवी साडी नेसवली होती, कपाळभर कुंकू. आणि मंगल, तुझ्या छातीवर, हातांवर, पायांशी तीच फुलं होती. फिकट गुलाबी, घशात जांभळी. त्या सकाळी वेल पहिल्यांदा फुलली होती आणि शेजारच्या त्याच बाईंनी सगळी खुडून आणली होती. रडत रडत त्या मला म्हणाल्या, "लय जीव हुता वं त्यांचा या येलीवर. म्हनलं, त्यांची त्यांना द्यावी." मी मान हलवली. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. पण माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? फळ गेलं. तुझ्या अंगावरच्या फुलांकडे बघत मी फळाचा विचार करत होते. मला स्वतःची लाज वाटली असती, पण तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आगं बायांनो, फळ तरी धरू द्यायचं हुतं!" मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी रडतेय. मी रडतही होतेच.

तुला नेल्यानंतर मी मागच्या दारी गेले. वेलीवर नुसती पानं. मी वर बघत उभी होते तेव्हा सुभेदार मागून आले. अंगावर ओलं धोतर, डोळे सुजलेले. त्यांनीही वर बघितलं. माणूस आयुष्यभर टेहळणी केलेला. तारेच्या टोकाला, दोन पानांच्या आड बोट दाखवून म्हणाले, "ताई, त्या कळ्या हायत न्हवं?"

होत्या. पिळलेल्या छत्रीसारख्या, अजून हिरव्या.

त्यांनी घरातून जुनी मच्छरदाणी आणली. त्या कळ्या उमलून मिटेपर्यंत वाट बघितली, मग तिच्या जाळीच्या पिशव्या शिवून देठांना बांधल्या, पाखरांनी टोचू नये म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी मला त्यांचा फोन. "ताई, खबर देतो. फूल गळालं, मागं गाठ धरलीया." "ताई, खबर. गाठ बोराएवढी झाली." सुरुवातीला मला वाटायचं, ते माझ्यासाठी करतात. मग लक्षात आलं, सकाळचा तो फोन ही त्यांना उठायला लागणारी गोष्ट आहे. मलाही लागत होती. खबर झाल्यावर ते जरा थांबायचे, मी जरा थांबायची. तुझं नाव कुणी काढायचं नाही. मग ते म्हणायचे, "ठिवू का?"

थंडी पडली. मला वाटत होतं, फळ पिकेल, मऊ पडेल, समुद्रशोकाचं ठरेल, आणि मी तुझ्या फोटोपुढं बसून म्हणेन, बघ. पण एका सकाळी खबर वेगळी आली. "ताई, फुटलं."

"काय फुटलं?"

"फळ. वाळलं आन् आपसूक चार फाका झाल्या. पिशवीत बिया पडल्यात. केस हायत त्यांस्नी, रेशमावानी."

मी मिळेल ती गाडी पकडून आले. त्यांनी बिया स्टीलच्या वाटीत ठेवल्या होत्या, वर झाकण. काळपट बिया, कडेनं लांब मऊ केसांची झालर. मी तुझं भिंग मागितलं. त्यातून बघताना मला कळलं की मी इतकी वर्षं ठाम चूक बोलत होते. ही समुद्रशोकाच्या घराण्यातली नाहीच. ही खरीखुरी गारवेल. तू म्हणत होतीस, आपल्या ओळखीची नाही. नव्हतीच.

पण तू आणखी एक म्हणत होतीस, ती कुणाच्याच ओळखीची नाही. त्याचा छडा लावायला मी बिया, पानं आणि तू घाटात पहिल्या दिवशी दाबलेली फुलं घेऊन पुण्याला गेले. तिथल्या वाळवलेल्या झाडांच्या मोठ्या संग्रहात गारवेलीच्या कुळाची कपाटंच्या कपाटं आहेत. डांबरगोळ्यांचा वास, जुने पिवळे कागद. तुला तिथं एकदा न्यायचं राहिलं. तिथल्या बाईंनी मला एकेक गठ्ठा काढून दिला. दुपार टळून गेल्यावर एक कागद उलगडला आणि माझा हात थांबला. तेच बदामी पान, तोच जांभळा घसा, वाळून तपकिरी झालेला, आणि कोपऱ्यातल्या पाकिटात केसाळ बिया. कोकणच्या दक्षिणेकडून कुणीतरी फार पूर्वी आणलेली. नाव त्याहून जुनं. म्हणजे वेल नवी नव्हती. तुझ्या घाटातून ती आजवर कुणी नोंदवली नव्हती, एवढंच. बाई म्हणाल्या, "ही नोंदसुद्धा महत्त्वाची आहे हं." मी हो म्हटलं. पण तुला ते पुरलं नसतं, हे मला माहीत होतं.

येताना गाडीत मी तुला हे कसं सांगितलं असतं, याचा विचार करत होते. तू आधी मानलंच नसतंस. मग भिंग मागितलं असतंस. मग ते खिशात टाकून म्हणाली असतीस, "असूं दे. चटणी खा." माझी चूक निघाली म्हणून तू वर्षभर मला छळलं असतंस, आणि मी ते आनंदानं सोसलं असतं. तुझी वेल नवी निघावी असं मलाही वाटत होतं, मंगल. फळ मागत होते तेव्हाही वाटत होतं. एवढं एक वाक्य मी त्या कठड्यावर बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. बोलले असते तर तू माझ्या शब्दावर विसंबली असतीस, आणि झाडाच्या बाबतीत तू कुणाच्या शब्दावर विसंबणारी नव्हतीस. म्हणून तर तुझ्याशी भांडावंसं वाटायचं.

पुण्याच्या बाईंनी वेलीचा आपला कागद त्यांच्या संग्रहात ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे. जाड कागदावर फुलं, पानं, फळाच्या फाका, पाकिटात बिया आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. तिच्यावर झाडाचं नाव, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचं नाव. असा कागद नीट राहिला तर आपल्यानंतर कितीतरी पिढ्या राहतो.

काल मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो तयार केला. सुभेदारांनी टाके घालायला दोरा ओवून दिला, मग समोर बसून बघत राहिले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वेल जुनी आहे, तिला नवं नाव मिळणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटलं का, ते कळलं नाही. मी चिठ्ठी लिहायला घेतली. झाडाचं नाव लिहिलं. ठिकाण लिहिलं. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं आणि त्यांचं आडनाव लिहायला लागले.

"थांबा ताई," ते म्हणाले. "माझं नगं."

मी वर बघितलं.

"तुमी कॉलेजात हुता तवा ती कोन हुती?"

"मंगल शेलार."

"मग तेच लिवा. झाडांचा नाद माझ्या घरात आल्यावर लागल्याला न्हाई तिला. येतानाच घिऊन आलीवती. म्या निस्त्या ट्रंका उचलल्या."

मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि नवी घेतली. लिहून झाल्यावर त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला, अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचलं. मंगल शेलार. मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, जणू कुणाची नव्यानं ओळख करून घेत होते. मग चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हां. आता चिकटवा."